अंगठी कोणाचे ऐकते?

रमजान ईदचा तिसरा दिवस म्हणजे आमचा सांगलीचा दिवस. साताऱ्याहून सकाळची एसटी धरायची, पिशवीत कंदी पेढ्यांचे दोन पुडे टाकायचे आणि कराडमार्गे दुपारच्या जेवणाला खणभागात खालाजानच्या घरी पोहोचायचे, हा आमचा कित्येक वर्षांचा रिवाज. खालांचे घर भरलेले. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडे आणि ईदसाठी आलेल्या लेकी. आम्ही शाळेत शिकवतो म्हणून लहानथोर सगळे आम्हाला ‘आपा’ म्हणतात आणि दरवर्षी काहीतरी नवे ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवतात. दोन वर्षांपूर्वीच्या ईदला आम्ही ती अपेक्षा जरा जास्तच पुरी केली. ती हकीकत आज लिहितो आहोत, कारण तिच्यात चूक आमची होती.

त्याच्या थोडे आधी साताऱ्यात शिक्षकांसाठी एक शिबिर झाले होते. विषय होता वैज्ञानिक दृष्टिकोन. साताऱ्यात राहणाऱ्याला हा विषय नवा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्याच गावचे. डॉक्टरकी शिकले मिरजेत आणि हयात घालवली ती गावोगाव शाळा-कॉलेजांतून चमत्कारांमागचे कारण समजावून सांगण्यात. 1989 साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यांच्या प्रत्येक मताशी आपले पटेलच असे नाही, पण प्रश्न विचारणाऱ्याला गोळी हे उत्तर असू शकत नाही, यावर आपल्या घरांत दुमत नसावे. तर त्या शिबिरात संमोहनावर एक तास होता. मन कसे सूचना झेलते हे आम्ही बी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात वाचले होते. इथे ते डोळ्यांनी पाहिले. शिकवणाऱ्या गृहस्थांनी शेवटी एक नियम सांगितला होता : प्रयोग दाखवला की तिथल्या तिथे उलगडून सांगायचा. उलगडा न करता एकाही माणसाला घरी जाऊ द्यायचे नाही.

ईदच्या दिवशी नेमका हाच नियम आम्ही मोडला.

शीरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्या, पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत लवंडली. आतल्या खोलीत आम्ही बायका आणि मुले, बारा-तेरा जण. अकरावीतली भाची म्हणाली, “आपा, तो संमोहनाचा प्रयोग दाखवा ना!”

आम्ही सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. दोन्ही हात समोर धरा. उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली आहे, कडी बोटांत रुतते आहे. डाव्या मनगटाला फुगा बांधला आहे, तो वर ओढतो आहे. आवाज हळू, एका लयीत. दोन मिनिटांनी डोळे उघडायला लावले, तर कोणाचे हात जागचे हललेले नाहीत, कोणाच्या दोन हातांत वीतभर अंतर, आणि भाचीचा तर एक हात मांडीवर आणि दुसरा डोक्याच्या वर! हशा पिकला. मग लिंबू झाले. कापलेले लिंबू जिभेवर पिळले जाते आहे, एवढे नुसते बोललो तर मुलांच्या तोंडाला पाणी सुटले. मग भाचीला समोर बसवून म्हणालो, “तुझी बोटे एकमेकांत घट्ट चिकटली आहेत. सोडवायला जाशील तितकी आवळतील.” पोरगी खरेच सोडवू शकेना. आम्ही ‘सुटली’ म्हटल्यावरच बोटे सुटली.

खोली शांत झाली. खालाजान तख्तावर बसल्या होत्या. त्या पुढे झुकून म्हणाल्या, “बेटी, तेरे हाथ में तो इल्म है.”

तिथेच आम्ही सांगायला हवे होते की खाला, आमच्या हातात खडूशिवाय काही नाही. पण खरे सांगतो, ऐकून बरे वाटले. वीस वर्षे वर्गात ओरडून मुले ऐकत नाहीत, आणि इथे बारा जण श्वास रोखून आमच्याकडे पाहत होते. आम्ही नुसते हसलो, आणि त्याच भरात शेवटचा प्रयोग काढला. बोटातली अंगठी दोऱ्याला बांधली, दोरा मुलीच्या चिमटीत दिला आणि म्हणालो, “हात हलवायचा नाही. फक्त मनात म्हण, गोल फिर.” अंगठी गोल फिरू लागली. “आता म्हण, सरळ जा.” अंगठी सरळ झोके घेऊ लागली. हात तर हललेला दिसत नव्हता.

खालाजान उठून उभ्या राहिल्या. “मग ही माझी बाली पण सांगेल.”

सत्ताविसाव्या रोज्यापासून खालांच्या कानातली एक सोन्याची बाली सापडत नव्हती. त्यांच्या निकाहातली जोडी. घरात कोणी उघड बोलत नव्हते, पण संशय कुठे वळतो आहे हे सकाळपासून आम्हालाही जाणवले होते. धाकटी सून लग्न होऊन आठच महिने झालेली, माहेरची परिस्थिती बेताची. एवढेच तिच्याविरुद्धचे ‘पुरावे’.

जुन्या काळी आपल्या घरांत चोर शोधायला लोटा फिरवत. दोघे जण बोटांच्या टोकांवर लोटा धरायचे, संशयितांच्या नावांच्या चिठ्ठ्या एकेक करून त्यात टाकायच्या, ज्या नावाला लोटा फिरेल तो चोर. खालांनी त्यांच्या लहानपणी ते पाहिले होते. त्यांनी कागद मागवला, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या पाच जणांची नावे थोरल्या सुनेकडून लिहून घेतली : थोरली सून स्वतः, धाकटी सून, धुणेभांड्याची बाई, रंगकामाला आलेला माणूस आणि शेजारचा एक मुलगा. चिठ्ठ्या गोलाकार मांडल्या. दोरा स्वतःच्या हातात धरला आणि मधोमध अंगठी लोंबकळत ठेवली.

आम्ही ‘थांबा’ म्हणायला हवे होते. आम्ही पाहत राहिलो. अर्धा मिनिट असेल. अंगठी आधी थरथरली, मग हळूहळू झोके घेऊ लागली, आणि झोका सरळ गेला तो धाकटीच्या नावावर.

धाकटी दारातच ट्रे घेऊन उभी होती.

वाचक भगिनींनो, त्या अर्ध्या मिनिटात जे घडले ते कसे घडले, हे आता सांगतो. दोऱ्याला बांधलेली वस्तू हातात धरली की ज्या दिशेचा विचार मनात असतो त्या दिशेने बोटांचे स्नायू अगदी बारीक हालचाल करतात. इतकी बारीक, की ती धरणाऱ्यालाही कळत नाही. दोरा लांब असतो, म्हणून बोटाची केसभर हालचाल खाली बोटभर झोका होते. झोका दिसला की मनाचा विश्वास वाढतो, विश्वास वाढला की झोका वाढतो. फ्रान्समधल्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1833 साली हे लिहून ठेवले. डोळे बांधले की लोलकाची ती किमया ओसरते, हेही त्याने स्वतःच्या हातावर तपासले होते. माण-खटाव किंवा आटपाडी-जतच्या दुष्काळी भागात विहिरीची जागा दाखवायला पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो आणि नारळ उभा राहतो, त्यातही हातच नकळत काम करत असतो. पाणाड्या लबाड असतोच असे नाही. खालाजानही लबाड नव्हत्या. त्यांनी अंगठी मुद्दाम हलवली नाही. पण अंगठीने त्यांच्याच मनातले नाव त्यांना वाचून दाखवले, आणि त्यांना वाटले की गैबातून उत्तर आले.

त्या क्षणी आम्हाला सुचले ते एवढेच. आम्ही म्हणालो, “खाला, अंगठी खरी असेल तर चिठ्ठ्या उलट्या ठेवल्या तरी तेच नाव सांगेल. हो ना?” त्यांना ते पटले. आम्ही चिठ्ठ्यांच्या सारख्या घड्या केल्या, त्यांत एक कोरी चिठ्ठीही मिसळली, पाठ करून पिसल्या आणि मांडल्या. पहिल्यांदा अंगठी गेली ती रंगाऱ्याच्या नावावर. पुन्हा पिसल्या. या वेळी निघाली थोरली सून. तिसऱ्यांदा अंगठीने बराच वेळ नुसती थरथर केली आणि शेवटी एका चिठ्ठीकडे कलली. उघडली तर कोरी. मुले हसली. खालांनी दोरा खाली ठेवला.

ही युक्ती आमची नव्हे. तिला दोनशे चाळीस वर्षे होऊन गेली. पॅरिसमध्ये मेस्मर नावाचा डॉक्टर सांगत असे की त्याच्याकडून एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो आणि रोगी बरे होतात. त्याच्या दिवाणखान्यात माणसे थरथरत, रडत, बेशुद्ध पडत. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्याने एका झाडात ती ‘शक्ती’ भरली आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला झाडाझाडापाशी नेण्यात आले. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. शक्ती भरलेले झाड वेगळेच होते, आणि ते दूर होते. समितीने निकाल दिला : परिणाम खरा आहे, पण तो कल्पनेचा आहे, द्रवाचा नाही.

आणि हे कोड्यापलीकडे नेणारा माणूस आपल्या शेजारचा निघाला. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या कांदोळीला 1756 साली जन्मलेले आबे फारिया. ख्रिस्ती धर्मगुरू होते. वडिलांबरोबर लहानपणीच युरोपात गेले. 1813 पासून पॅरिसमध्ये लोकांना जमवून ते संमोहन करून दाखवू लागले. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचे आणि हुकूम द्यायचा, झोपा! लोकांनी टाळ्याही वाजवल्या आणि नाटकातून त्यांची टिंगलही केली. पण त्यांनी जे सांगितले ते मेस्मरच्या उलटे होते. माझ्या हातातून काही वाहत नाही, जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते, असे त्यांचे म्हणणे. 1819 साली ते वारले.

पणजीत मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी, त्यांचा पुतळा आहे. शाळेची सहल घेऊन गेलो तेव्हा आम्ही तो पाहिला. फारिया दोन्ही हात पसरून उभे आहेत आणि समोर एक बाई मागे कलली आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले होते, “टीचर, हे तिला ढकलतात काय?” तेव्हा आम्ही हसलो होतो. आता वाटते, मुलाचा प्रश्न बरोबर होता. हातात काही नाही असे जन्मभर सांगणाऱ्या माणसाचा पुतळाही लोकांनी हातच पसरलेला केला. पाहणाऱ्याला हातच दिसतो. ज्याचे मन हे सगळे करते त्याच्याकडे कोणी पाहत नाही. खालाजाननी आमचा हात पाहिला आणि ‘इल्म’ म्हटले. आम्ही तो शब्द परत केला नाही, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

धाकटी ट्रे ठेवून मोरीपाशी भांडी घासत बसली होती. आम्ही तिच्याजवळ जाऊन बसलो. वाटले होते, आपण तिला सोडवले, तिला बरे वाटले असेल. ती मान वर न करता म्हणाली, “आपा, तीनदा चिठ्ठ्या फिरवल्या आणि माझं नाव आलं नाही, म्हणून मी सुटले. त्यातल्या एका खेपेला माझंच नाव आलं असतं तर?”

आम्हाला उत्तर नव्हते. सहा चिठ्ठ्या होत्या, एक तिची होती. येऊ शकले असते. म्हणजे आम्ही खालांची चूक दाखवली तीसुद्धा तिच्या अब्रूवर पैज लावून. तिचा निर्दोषपणा पुन्हा त्याच अंगठीवर टांगला. त्या मुलीने एका वाक्यात जे ओळखले ते आम्हाला शिबिरातही उमगले नव्हते : अंगठी चुकीचे नाव सांगते हा मुद्दाच नाही. अंगठीला नाव विचारायचेच नसते.

आपल्या दीनने हे किती आधी सांगून ठेवले आहे! सफरीत हार हरवला, तो शोधताना हजरत आयेशा (रजि.) काफिल्याच्या मागे राहिल्या, आणि तेवढ्यावरून मदीनेत किती जिभा चालल्या. एका हरवलेल्या दागिन्यावरून एका निष्पाप बीबीवर महिनाभर काय गुजरले हे प्रत्येक मुसलमान घराला माहीत आहे. सूरह नूरमध्ये त्यांची पाकदामनी जाहीर झाली आणि साक्षीदारांशिवाय तोहमत घेणाऱ्यांसाठी सजा सांगितली गेली. सूरह हुजुरातमध्ये पुष्कळशा गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे, कारण काही गुमान गुनाह असतात. गैबची खबर सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची चाळीस रात्रींची नमाज कबूल होत नाही, असे हदीसमध्ये आले आहे. आणि फिरऔनच्या जादूगारांची हकीकत आठवा. त्यांच्या दोऱ्या आणि काठ्या धावत असल्याचा हजरत मूसा (अ.) यांना भास झाला, असे कुरआन सांगतो. भास. सगळे शिकलेले आम्ही, तरी हा एक शब्द ऐनवेळी आठवला नाही.

आम्ही धाकटीची माफी मागितली. मग तिला घेऊन आत आलो आणि सगळ्यांना पुन्हा बसवले. बादली आणि फुगा कसा काम करतो, लिंबाने तोंडाला पाणी का सुटते, अंगठी कशी फिरते, सगळे सांगितले. संमोहन म्हणजे झोप नव्हे, समोरच्याला सगळे ऐकू येत असते. काही माणसे सूचना पटकन घेतात, काही अजिबात घेत नाहीत, बहुतेक मधली असतात. भाचीला अक्कल कमी म्हणून तिची बोटे चिकटली नाहीत, तिची कल्पनाशक्ती तेज आहे म्हणून चिकटली. जाणकार डॉक्टर वेदना कमी करायला हीच गोष्ट वापरतात. हुगळीच्या इस्पितळात एस्डेल नावाच्या डॉक्टराने 1845 पासून, क्लोरोफॉर्म यायच्या आधी, रोग्यांना असेच गुंगीत नेऊन मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. पण ते डॉक्टरांचे काम. ज्याला मिरगी आहे, ज्याचे मन आजारी आहे, त्याच्यावर दावतीत बसून असले खेळ करायचे नाहीत, हेही सांगितले.

शेवटी म्हणालो, “आमच्या हातात इल्म नाही. खालांनी अंगठी धरली तेव्हा त्यांच्या मनात जे नाव आधीपासून होते तिकडे ती गेली. चूक खालांची कमी, आमची जास्त. आम्ही वेळेवर बोललो नाही.”

खालाजान बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “तो मेरी बाली?”

“बालीचे आम्हाला माहीत नाही, खाला. अंगठीलाही माहीत नाही.”

त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. त्या वयात ते जिभेवर येत नाही. पण संध्याकाळी आम्ही निघताना चहाची वेळ झाली तेव्हा थोरली उठत होती, तिला हाताने बसवून खाला धाकटीला म्हणाल्या, “तू कर. अद्रक जरा जास्त घाल.” धाकटी उठली. आमच्या परतीच्या गाडीला उशीर झाला, पण तो चहा पिऊनच आम्ही निघालो.

परत येताना एसटीत आम्ही आमच्याच पेशाचा विचार करत होतो. वर्गात आमचे नुसते शब्दसुद्धा मुलांवर असेच काम करतात. ‘याला गणित येणार नाही’ असे चारदा म्हटले की मुलाचे बोट पाटीवर थबकते. घरात ‘हिच्या पायगुणाने’ असे दोनदा म्हटले की सुनेच्या हातून कपबशी सुटते. डोळे मिटायला सांगावे लागत नाही, अंगठी लागत नाही. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचा विश्वास आहे त्या प्रत्येकाच्या हातात हा दोरा असतो : आईच्या, सासूच्या, उस्तादाच्या, मौलवीसाहेबांच्या, डॉक्टरच्या. आणि ज्याला लोक ‘तुमच्या हातात काहीतरी आहे’ म्हणतात त्याने ते ऐकून गप्प बसू नये, हे आम्ही त्या दिवशी भाड्यासकट शिकलो.

गेल्या ईदला पुन्हा सांगलीला गेलो. जेवणे झाली आणि मुलांनी तोच खेळ मागितला. या वेळी आम्ही आधी सगळे समजावून सांगितले आणि मग दोरा पुढे केला. धाकटीने मांडीवरच्या बाळाला सरकवून तो चिमटीत धरला आणि डोळे बारीक करून अंगठीकडे पाहू लागली. आम्हाला वाटले होते, कारण कळल्यावर गंमत जाईल. अंगठी फिरलीच. तशीच गोल, तशीच शांत.

खालांचा नातू ओरडला, “आपा, माहीत असूनही फिरते!”

“फिरणारच,” आम्ही म्हणालो. “म्हणून तर तिला काय विचारायचे आणि काय नाही, हे आपण ठरवायचे.”

बाली अजून सापडलेली नाही. तिच्याबद्दल त्या दिवशी कोणीही अंगठीला विचारले नाही.